वर्गणी भरून, थेट मागवून घ्यावीत अशी काही मासिकं, कॉमिक्स आणि गाणी

दिवाळी आली की आपल्याकडे अंकांची चर्चा जोरात सुरू होते, कुठला घेतला, कुठला लायब्ररीतून आणला, कुणाची कथा जमलीय, आणि ते असायलाच हवं, १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची आपली सवय आहे ती. पण दिवाळी सरली की वर्षभर जी माणसं पदरमोड करून महिन्याच्या महिन्याला अंक काढतात, कॉमिक्स छापतात, घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करून नेटवर टाकतात त्यांच्याविषयी मात्र फारसं कुणी बोलत नाही. म्हणून आज त्यांच्याबद्दल लिहितोय. यातलं जे विकत मिळतं ते मी विकत घेतलेलं आहे, वाचलेलं-ऐकलेलं आहे, आणि मित्रमंडळींना पुन्हा पुन्हा सुचवलेलं आहे.

निवड करताना मी एकच गोष्ट बघितली. जे सांगायचंय ते कसं सांगायचं हे त्या माणसांनी स्वतः ठरवलंय का? म्हणजे मधे कुणी मार्केटिंगवाला बसलाय आणि हे जरा सोपं करा, हे कापा, हे चालणार नाही असं म्हणतोय, असं झालं की ते लगेच जाणवतं हो. आणि जिथे तसं झालेलं नसतं तिथे पान उघडल्या उघडल्या काहीतरी वेगळं हाताला लागतं.

सगळ्यात आधी 'भीमायन'. नवयाना नावाचं एक छोटं प्रकाशन आहे, २००३ साली सुरू झालेलं, जातीच्या प्रश्नावरचीच पुस्तकं काढतं, त्यांनी २०११ मध्ये हे काढलं. बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या जातीच्या अनुभवांवरचं हे चित्रपुस्तक, शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार जोडप्याची. आता कॉमिक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर चौकटी येतात, एकामागे एक डबे आणि त्यात माणसं. व्याम पती-पत्नींनी चौकटी काढायला चक्क नकार दिला, त्यांचं म्हणणं असं की माणसांना डब्यात कोंडायचं नाही, त्यांना श्वास घेता आला पाहिजे. मग पानं विभागायची कशी, तर गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर जी 'डिग्ना' नावाची नक्षी काढतात तिच्या वळणदार पट्ट्यांनी. त्यामुळे नजर डावीकडून उजवीकडे सरळ जातच नाही, ती वळत वळत जाते, आणि पहिल्यांदा वाचताना थोडं अडखळायला होतं. होऊ द्या. दोन-चार पानांनंतर डोळ्यांना सवय होते.

आणि त्यातले बोलण्याचे फुगे बघा. ज्याचं बोलणं मवाळ आहे त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे. ज्याच्या बोलण्यात विष आहे त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. मनातल्या विचाराच्या फुग्यात डोळा काढलाय. किती साधी गोष्ट, पण एकदा का हे लक्षात आलं की पुढे वाचायच्या आधीच कळतं की आता हा माणूस डंख मारणार आहे. १९०१ सालचा तो प्रवास आहे ना, लहानगा भीम भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघतो, मसूर स्टेशनवर उतरतो, स्टेशनमास्तर आधी गोड बोलतो आणि जात कळल्यावर मागे सरकतो, बैलगाडीवाला कुणी न्यायला तयार होत नाही, शेवटी दुप्पट भाडं आणि गाडी पोरांनीच हाकायची या अटीवर एक जण तयार होतो. ही गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहितीय, शाळेत ऐकलेली असते. पण इथे ती नांगीवाल्या फुग्यांसकट वाचताना अंगावर येते. पुस्तकाची सुरुवात आजच्या काळातल्या बसस्टॉपवर होते, एक जण आरक्षणावर कुरकुर करत असतो आणि त्याच्याशी बोलणारी बाई त्याला हा सगळा इतिहास सांगते. मधेमधे वर्तमानपत्रातल्या बातम्या आहेत, खैरलांजीचीसुद्धा. त्यामुळे हे तेव्हाचं होतं असं म्हणून पुस्तक मिटता येत नाही.

मी वाचली ती इंग्रजी आवृत्ती, भाषा अगदी सोपी आहे, आठवी-नववीतल्या मुलाला आरामात वाचता येईल. घरात मुलं असतील तर त्यांच्या हातात द्याच, पण द्यायच्या आधी स्वतः वाचा कारण ती प्रश्न विचारणार आणि उत्तरं तुम्हाला द्यायची आहेत.

त्याच प्रकाशनाचं त्याच वर्षीचं 'अ गार्डनर इन द वेस्टलँड', जोतिबांच्या १८७३ च्या 'गुलामगिरी'वर बेतलेलं. शब्द पुन्हा श्रीविद्या नटराजन, चित्रं अपराजिता निनान, सगळं काळ्या-पांढऱ्यात. जोतिबांनी 'गुलामगिरी' अर्पण केलीय ती अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना, तो धागा या पुस्तकात नीट उचललाय. लेखिका आणि चित्रकार स्वतःच पात्रं म्हणून मधे येऊन एकमेकींशी वाद घालतात तेही मजेशीर आहे. माझ्या मते 'भीमायन'इतकं हे चित्रांत मुरलेलं नाही, काही पानं शब्दांनी फार भरलीयत, पण जोतिबांची भाषा किती धारदार होती हे ज्यांनी मूळ वाचलेलं नाही त्यांना इथे कळेल आणि मग मूळ वाचावंसं वाटेल. एक खंत मात्र आहे आणि ती मनापासून सांगतो, फुले आणि आंबेडकर यांच्यावरची इतक्या ताकदीची कॉमिक्स आधी इंग्रजीत, बाहेरच्या माणसांनी केली. मराठीत मोठ्यांसाठीचं कॉमिक म्हटलं तर बोटावर मोजण्याइतकंसुद्धा चटकन आठवत नाही. चित्रकारांची कमी आहे का आपल्याकडे? अजिबात नाही. छापणारा आणि घेणारा हवा.

आता ओरिजित सेनचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज'. १९९४ सालचं, भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून त्याचं नाव घेतात. कल्पवृक्ष या पर्यावरणवाल्या संस्थेने तेव्हा काढलं, मग कित्येक वर्षं ते मिळतच नव्हतं, झेरॉक्स फिरायच्या. शेवटी २०२२ मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट या छोट्या प्रकाशनाने पुन्हा छापलं आणि आता निवांत मागवता येतं. गोष्ट नर्मदेवरच्या धरणाची, पुस्तकात नदीचं नाव रेवा. विष्णू नावाचा तरुण पत्रकार, शहरात घरकामाला आलेली रेलकू, आणि सृष्टी कशी निर्माण झाली ते गाऊन सांगणारा मलगू गायन. पत्रकाराचा भाग नेहमीच्या कॉमिकसारखा, चौकटीत, बारीक पेनाने काढलेला. गायनाचा भाग आला की रेषा सैल होते, पान वाहायला लागतं. एकाच पुस्तकात दोन हात आहेत असं वाटावं इतका फरक, आणि गोष्ट जशी पुढे जाते तसे ते दोन्ही एकमेकांत मिसळायला लागतात. मला यातली रेलकू सगळ्यात जवळची वाटते, आपल्या शहरातल्या घरांमध्ये काम करणारी बाई कुठून आली, का आली, तिचं गाव कुठे गेलं हे विचारायची आपल्याला सवयच नाही.

आणि हे काही लांबचं नाही बरं का. सरदार सरोवराच्या पाण्यात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली अक्कलकुवा-धडगाव भागातली ३३ गावं आली, मणिबेली त्यातलं पहिलं. तिथल्या जीवनशाळांबद्दल, म्हणजे नर्मदा बचाव आंदोलनाने पाड्यांवर काढलेल्या शाळांबद्दल, कधी वाचलं असेल तर हे पुस्तक वाचताना ती गावं डोळ्यासमोर येत राहतात. मी तर म्हणेन नंदुरबार-धुळे-शहाद्याच्या प्रत्येक कॉलेजच्या लायब्ररीत याची एक प्रत असायला हवी.

याच्यापेक्षा हलकं काही हवं असेल तर अभिजित किणीचं 'अँग्री मावशी' बघा, मुंबईतली चिडलेली मावशी भ्रष्ट लोकांची धुलाई करते, पहिला अंक २०१२ चा. रंग भडक, मारामारी भरपूर, संध्याकाळी एका बैठकीत वाचून होतं. आणि तुमच्या शहरात इंडी कॉमिक्स फेस्ट भरला तर चुकवू नका. टेबलामागे स्वतः चित्रकार बसलेला असतो, स्वतः छापून, स्टेपल मारून आणलेली छोटी पुस्तकं पुढ्यात मांडलेली असतात, उलटसुलट करून बघता येतात, हा कागद का निवडला असं विचारलं की मनापासून सांगतात. थोडे पैसे खिशात ठेवून जायचं आणि चार-पाच वेगवेगळी उचलायची, सगळी चांगली निघणार नाहीत, एखादं मात्र कायमचं जवळ राहील.

आता मासिकं. मराठीत ही परंपरा चांगलीच जुनी आहे, पन्नाशीच्या दशकात अरुण कोलटकर-दिलीप चित्रे मंडळींनी 'शब्द' काढलं, साठीत अशोक शहाण्यांचं 'असो', नेमाड्यांचं 'वाचा', राजा ढाल्यांची अनियतकालिकं, कुणी सायक्लोस्टाइल करून काढायचं, कुणी उसने पैसे आणून. त्यातले बरेचसे अंक थोडेच निघाले आणि बंद पडले, तरी आजच्या मराठी कवितेचं बरंचसं घर तिथेच बांधलं गेलं. त्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. मी सांगतोय ती आज चालू असलेली आणि आज वर्गणी भरता येणारी.

'पालकनीती' हे त्यात माझं सगळ्यात आवडतं. जानेवारी १९८७ पासून पुण्यातून निघतं, संजीवनी कुलकर्णींनी सुरू केलं. नाव ऐकून कुणाला वाटेल की मुलांना जेवायला कसं लावायचं, अभ्यासाला कसं बसवायचं अशा टिपा असतील. तसं नाहीये. यात पालक काय करतो यापेक्षा पालक असणं म्हणजे काय यावर जास्त असतं, स्पर्धा, शिक्षा, लैंगिकता, धर्म, पैसा, आईबाबांचं आपसातलं वागणं, सगळ्यावर. मुख्य म्हणजे हे लोक नुसतं लिहीत नाहीत, कोथरूडमध्ये लक्ष्मीनगर वस्तीतल्या मुलांसाठी त्यांचं खेळघर चालतं, त्यामुळे लेखात एखादं मूल आलं की ते खरं मूल असतं, 'समजा एक मुलगा आहे' असलं काही नसतं. मूल ऐकत नाही म्हणून चिडलेल्या पालकाला हे मासिक कधी रागवत नाही, पण त्याची बाजूही घेत नाही, तुम्ही का चिडलात ते जरा बघू या असं म्हणतं. मोबाईलवर येणाऱ्या पॅरेंटिंगच्या रील्स बघून आपण घाबरतो, हे वाचून जरा शांतपणे विचार करता येतो. मांडणी साधी आहे, मला तर चित्रं अजून हवी आहेत, काही लेख लांबतात, पण दर अंकात एक तरी लेख असा असतो की घरात दोघांनी वाचून त्यावर बोलावं. बाळाच्या बारशाला काय द्यायचं असा प्रश्न पडला तर याची वर्गणी भरून टाका, चांदीच्या वाट्या बाकीचे देतातच.

'मिळून साऱ्याजणी' बऱ्याच जणांना माहिती असेल, ऑगस्ट १९८९ मध्ये विद्या बाळ यांनी सुरू केलं. त्याआधी त्या किर्लोस्करांच्या 'स्त्री' मासिकाच्या संपादक होत्या, तिथून बाहेर पडून स्वतःचं मासिक काढायचं हे तेव्हा सोपं नव्हतं. २०२० च्या जानेवारीत विद्याताई गेल्या, मासिक चालू आहे. यातलं मला सगळ्यात भावतं ते साध्या बायकांनी स्वतःबद्दल केलेलं लिखाण, लेखिका म्हणून नाव नसलेल्या, गावाकडच्या, नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या. वाक्यं कधीकधी ओबडधोबड असतात आणि संपादकांनी ती फार घासूनपुसून गुळगुळीत केलेली नसतात, तेच चांगलं आहे. पुरुषांनी जरूर वाचावं, मी वाचतो.

वाद आवडत असतील तर 'आजचा सुधारक', १९९० मध्ये नागपूरहून दि. य. देशपांड्यांनी सुरू केलेलं, आगरकरांच्या 'सुधारक'चा वारसा सांगणारं. आता ऑनलाइन निघतं, जुने अंकही वाचता येतात. डोकं जागं असताना वाचायचं हे, झोपताना नाही. आणि कविता, नाटक, चित्रकला यांत रस असेल तर 'हाकारा' बघा, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, प्रत्येक अंकाला एक विषय, नेटवर वाचायला मिळतं. मुलांसाठी एक हिंदी नाव घेतो, भोपाळच्या एकलव्य संस्थेचं 'चकमक', १९८५ पासून चालू आहे. त्यात 'मेरा पन्ना' म्हणून मुलांनी स्वतः लिहिलेलं, स्वतः काढलेलं छापतात, शेळी हरवली, आजीने मारलं, पावसात शाळा गळते, असलं खरंखुरं. आपल्या मुलांना हिंदी समजतंच, आणि ते वाचून झालं की बहुतेक मुलं वही-पेन्सिल शोधायला लागतात.

अंक पोस्टाने येतात, कधी उशिरा येतात, कधी एखादा येतच नाही. अशा वेळी चिडून वर्गणी बंद करू नका, ऑफिसला फोन करा, बहुतेक जण बिनतक्रार दुसरी प्रत पाठवतात. छोट्या लोकांना टपालखर्च फार जड जातो, पुस्तकांसाठी जी स्वस्त रजिस्टर्ड सेवा होती तीही २०२४ च्या डिसेंबरात बंद झाली, त्यामुळे पुस्तक मागवताना कुणी टपालाचे वेगळे पैसे मागितले तर घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं.

आता गाणी. इथे स्वदेसीपासून सुरुवात करतो. मुंबईचा हिप-हॉप ग्रुप, हिंदी, मराठी, गुजराती असं आपापल्या भाषेत रॅप करणारी पोरं. यातला हंड्रेड आरबीएच म्हणजे सौरभ अभ्यंकर, अमरावतीचा. मराठीत रॅप म्हटलं की बऱ्याचदा मुंबई-पुण्याचं टपोरी मराठी तेवढं ऐकू येतं, याच्या शब्दांत विदर्भ आहे, आणि वेग इतका की पहिल्या वेळी अर्धे शब्द निसटतात, दुसऱ्यांदा ऐकलं की कळतं काय बोलून गेलाय. एमसी मवाली, एमसी टॉडफॉड हेही त्यातलेच. टॉडफॉड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीत रॅप करायचा, २०२२ मध्ये गेला, अवघ्या २४ व्या वर्षी. २०२० चा त्यांचा 'चेतावनी' अल्बम ऐकाच, पण सगळ्यात आधी ऐका 'द वारली रिव्होल्ट'.

आरेच्या जंगलातल्या पाड्यांवर राहणारे प्रकाश भोईर, आदिवासी समाजाचे, तिथल्या लढ्यातले, त्यांचा आवाज या गाण्यात आहे. आता शहरातल्या म्युझिकवाल्यांनी आदिवासी आवाज घेतला की काय होतं ते आपण ऐकलेलं आहे, सुरुवातीला दहा सेकंद 'हो हो हो' आणि मग आपलं नेहमीचं. इथे तसं नाही. भोईर यांचा आवाज सजावटीला घेतलेला नाही, गाणं त्यांचं आहे आणि रॅप त्यांच्या बाजूला येऊन उभा राहतो. बीट जड आहे, बेस इतका खोल की मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून उपयोग नाही, चांगला हेडफोन घ्या. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी एका-दोन रात्रींत आरेतली दोन हजारांहून जास्त झाडं तोडली गेली तेव्हा ज्यांनी ते टीव्हीवर पाहिलं, त्यांना हे गाणं वेगळं सांगायची गरज नाही. 'रिव्हर ऑफ स्टोरीज' आणि हे गाणं मला एकाच घरातलं वाटतं, गाणारा मलगू आणि गाणारे भोईर, दोघं तीच जमीन सांगतायत.

त्यानंतर माही जी. मधुरा घाणे तिचं नाव, महादेव कोळी समाजातली, मराठीत आणि हिंदीत रॅप करते. आदिवासींचं जगणं, जंगल, बाईला रोज सोसावं लागणारं, हे विषय. सगळी गाणी सारखी जमलेली नाहीत, काही ठिकाणी संगीत शब्दांच्या मागे पडतं असं मला वाटतं. पण तिचा उच्चार स्वच्छ आहे, एकेक शब्द कळतो, आणि ती आपल्या माणसांबद्दल बोलते तेव्हा आवाजात जो अभिमान येतो तो शिकवून येत नाही. हिला मोठा मंच मिळायला हवा, मिळेपर्यंत आपण ऐकायचं आणि दुसऱ्याला पाठवायचं.

रॅप नको असेल तर लाखा खान. जोधपूरकडचे मांगणियार, सिंधी सारंगी वाजवतात आणि गातात, २०२१ च्या यादीत पद्मश्री मिळाली. दिल्लीकडचं अमरस रेकॉर्ड्स हे छोटं लेबल त्यांचं रेकॉर्डिंग करतं, आणि ते फार जपून करतं, स्टुडिओतला चकचकीतपणा नाही, पाठीमागे भरून टाकलेला कीबोर्ड नाही. सारंगी, आवाज, आणि मुलगा दाने खान ढोलकवर, बस. गज तारेवर टेकतो तो खरखरीत आवाजसुद्धा ऐकू येतो. संथ सुरू होतं, घाई नाही, आणि मग लय कधी चढली ते कळतच नाही. शास्त्रीय ऐकणाऱ्या घरातल्या ज्येष्ठांना ऐकवा, त्यांना फार आवडतं हा माझा अनुभव आहे.

पैशाचं बोलायचं तर फुकट ऐकण्यात चूक काही नाही, सुरुवात तशीच होते. पण आवडलं की विकत घ्या. कलाकार बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकारांकडून थेट गाणी विकत घेता येतात त्या साईटवर, असेल तर तिथून घ्या, डिजिटल अल्बमवर ते साधारण १५ टक्के ठेवतात, पेमेंटचा खर्च वजा जाऊन बाकीचे कलाकाराला मिळतात, आणि 'बँडकॅम्प फ्रायडे' म्हणून ठरवलेल्या काही शुक्रवारी तर स्वतःचा वाटाही सोडतात. पुस्तकांचंही तसंच, मोठ्या साईटवर थोडं स्वस्त मिळत असेल पण नवयाना काय, ब्लाफ्ट काय, थेट त्यांच्याकडून मागवलं की सवलतीत जाणारे पैसे त्यांच्याकडेच राहतात आणि पुढचं पुस्तक निघतं. मासिकांची वर्षाची वर्गणी म्हणजे चौघांच्या एका हॉटेलच्या बिलापेक्षा कमीच.

सगळं एकदम घेऊ नका, वाचून होणार नाही. या महिन्यात 'भीमायन' मागवा आणि 'वारली रिव्होल्ट' ऐका. पुढच्या महिन्यात 'पालकनीती' किंवा 'साऱ्याजणी'पैकी एकाची वर्गणी भरा, मुलं लहान असतील तर आधी 'पालकनीती', नसतील तर 'साऱ्याजणी'. 'रिव्हर ऑफ स्टोरीज' पावसाळ्यापर्यंत घेतलं तरी चालेल, पण संपायच्या आत घ्या, मागच्या वेळी संपलं तेव्हा पुन्हा यायला फार वर्षं लागली होती.